साठ फुटांवरून

ब्रायर्टन, टेनेसी
२ जून १९७४

प्रिय आर्डिसताईस,
सप्रेम नमस्कार.

आईने विणलेले मोजे पोचले. इथल्या जूनमध्ये लोकरीचे मोजे घातले तर पाय शिजतील, पण मला फार आवडले असं तिला सांग.

मागच्या महिन्यात बेसबॉलच्या सामन्यात माझा बॉल एका बॅटरच्या गालफडावर बसला, ते तिकडच्या पेपरात आलंच असेल. पोरगा वाचला. जबडा तारेने बांधलाय, नळीने सूप पितो. मी भेटायला गेलो तर कागदावर लिहून त्याने मलाच विचारलं की तू जेवलास का.

त्या दिवसापासून मला पिचिंग, साधा बॉल टाकणंच, जमत नाही. हात दुखत नाही, डॉक्टरांनी दोनदा तपासला. आधी हात बॉल टाकायचा आणि मी बघायचो. आता मी टाकायला जातो आणि हात बघत बसतो. बॉल बोटांतून केव्हा सोडायचा, हे आजवर कधी ठरवावं लागलं नव्हतं. परवा सरावात तो समोर झेलायला बसलेल्या कॅचरच्या डोक्यावरून पार कुंपणावर आदळला. पोरं हसली. पुढचे तीनही तसेच गेले, तेव्हा हसायची थांबली. ते जास्त लागलं.

बाबांना पिचिंग बिघडल्याचं काही कळू देऊ नकोस.

तुझा,
डॅरेल

हॉल्विक, मिनेसोटा
११ जून

चि. डॅरेल यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. लहानपणी चर्चमध्ये पाठ म्हणतानाही तू असाच मधे अडायचास आणि मला ओठ हलवून पुढची ओळ दाखवावी लागायची. इथून काय दाखवू, सांग.

आता घोळ ऐक. बाबांनी डेअरीतून चार दिवसांची रजा घेतली आहे, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. पाच जुलैचा सामना बघायला तुझ्याकडे येताहेत. कॅफेत एकालाही सांगायचं बाकी ठेवलेलं नाही. आई म्हणते, लग्नाच्या वेळीही हा माणूस इतका बोलला नव्हता. अशा माणसाला मी कोणत्या तोंडाने अडवू?

जेवत जा. आम्ही सगळे तुझेच आहोत, हे धरून चाल.

तुझी ताई,
आर्डिस

ब्रायर्टन
१७ जून

ताई,
नमस्कार.

काहीही कर, पण त्यांना थांबव. आई आजारी आहे म्हण. टीमचे मॅनेजर सांगतात, विचार करू नकोस. दिवसभर तेच तर करतोय. विचार करायचा नाही, एवढाच विचार. पाच तारखेला ते मला शेवटची संधी म्हणून बॉल टाकायला उभं करणार आहेत, आणि तेच बघायला बाबा यायचे.

डॅरेल

हॉल्विक
२६ जून

चि. डॅरेल,
आशीर्वाद.

रागावशील, पण मी बाबांना खरं सांगून टाकलं. तू लहान असताना शेडमागे रोज संध्याकाळी तुझे बॉल त्यांनीच झेलले आहेत. त्यांच्यापासून लपवणं मला जमेना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले की मग तर त्याला कॅचर लागेल. दोन जुलैला निघताहेत.

मला माफ कर आणि बसस्टँडवर त्यांना घ्यायला जा.

आर्डिस

ब्रायर्टन
९ जुलै

प्रिय ताई,
नमस्कार.

रागावलो नाही.

सामन्यात मी ओळीने अकरा बॉल बाहेर टाकले. एक प्रेक्षकांत गेला आणि एका बाईने पोराला पोटाशी धरलं. मॅनेजर येऊन बॉल मागू लागले, तर माझी मूठ उघडेना. बाबा तिसऱ्या रांगेत टोपी काढून उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला खाणावळीमागच्या मोकळ्या जागेत नेलं. पावलं मोजून, सामन्यात कॅचर बसतो तेवढ्या, साठ फुटांवर गेले आणि गुडघे धरत धरत खाली बसले. माझा दुसराच बॉल त्यांच्या अंगठ्यावर बसला. मी पुरे म्हणालो. ते उठले, दहा पावलं पुढे येऊन पुन्हा बसले. पुढचा बॉलही बाजूला गेला. असे ते जवळ येत राहिले. शेवटी इतके जवळ आले, की टाकायचं काही उरलंच नाही. मी बॉल त्यांच्या हातात ठेवला. ते म्हणाले की हा बरोबर मधोमध आला.

बसमध्ये चढताना त्यांचा अंगठा सुजून निळा पडला होता. सांगून गेले की उद्या इथूनच सुरू कर आणि रोज एक पाऊल मागे सरक. मी हो म्हणालो.

त्यांची बस सुटली आणि तासाभरात मॅनेजरनी बोलावून मला टीममधून काढून टाकलं. नीट बोलले, हात मिळवला. आता गोदामात खोकी उचलायचं काम धरलंय. घरी यायला म्हणून बसस्टँडपर्यंत जातो आणि परत फिरतो. बॉल त्यानंतर हातात घेतलेला नाही.

बाबांनी विचारलं तर सांग, डॅरेल तीन पावलं मागे सरकलाय.

माया पातळ करू नकोस.

तुझा,
डॅरेल