उमेशचा डावा कान

आदरणीय दुधराममामा, गावचे पोलीस पाटील आणि दिवाळीपासून लेखक, यांना,

आपल्यात मामा भाच्याच्या पाया पडते, भाचा मामाच्या नाही, म्हणून नमस्कार मी लिहीत नाही. तो तुमच्याकडून यायचा आहे. मामीची शुगर, पांढऱ्या बैलाचा खूर आणि धुरपतामावशीचा गुडघा कसा आहे ते कळवा. मी हैद्राबादच्या बाजूला ठीक आहे. ही सहावी कंपनी (पाचवी मी सोडली नाही, तिथल्या सुपरवायझरला माझं तोंड पटलं नाही). इथे औषधाच्या बाटल्यांना झाकणं लावून राहिलो. तब्येत बरी होती, तुमचं पुस्तक आलं तेव्हापासून नाही.

'कोळशाची काळजं' पोचलं. पहिल्या पानावर 'चि. दुर्गेश यास सप्रेम' लिहिलं आहे, तेवढं मी स्वतः वाचलं. पुढचं खोलीतला संघदीप वाचून दाखवते (मुर्रीचा आहे, बी.ए. झाला, तोही झाकणंच लावते, आणि हे पत्रही मी सांगून राहिलो, तो लिहून राहिला). जेवणाच्या सुट्टीत सगळी खोली ऐकायला बसते. अकरा गोष्टी आणि अकरांत एक माणूस धड नाही. एकीत भाऊ भावाच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, सरकवते, एकीत सून सासऱ्याच्या गोळ्या बदलते. ती ऐकून आम्ही बाटल्यावाले दोन दिवस एकमेकांच्या हातचं पाणी प्यायलो नाही. मी छाती फुगवून सांगत होतो, माझ्या मामानं लिहिलं म्हणून. मग आली चौथी गोष्ट, 'नवस'.

मामा, नाव तुम्ही उमेश ठेवलं. बस, तेवढंच बदललं. उमेश आठवी नापास. उमेश एका कंपनीत टिकत नाही. उमेशच्या डाव्या कानाचा तुकडा लहानपणी कोंबड्यानं तोडला. आपल्या तालुक्यात असे कान किती आहेत, पोलीस पाटील म्हणून तुम्हीच सांगा. हा उमेश मावशीचा नवसाचा कोंबडा गावदेवी मातामायला चढवतो म्हणून घेऊन जाते आणि कोंबडबाजारात लढवते. कोंबडा पहिल्याच झडपेत पाठ दाखवून पळते आणि मरते. उमेश मावशीच्या कपाळाला कुंकू लावून सांगते, नवस फेडला. मावशी हसून म्हणते, गुडघा बरा झाला बापा. आणि खाली तुम्ही लिहिता, 'कोंबड्याला दोन पाय आणि माणसालाही दोनच, फरक सापडला तर कळवा.' संघदीपनं ही ओळ दोनदा वाचली. तेव्हापासून खोलीत चिकन शिजलं की वाढायचा चमचा माझ्या हातात कोणी देत नाही.

हेही गिळलं असतं. पण आपल्याकडच्या गोरेगावची रीना आहे. तिकडच्याच प्रतापगडच्या यात्रेत पाहणं झालं, दोघांचा होकार झाला, तिच्या बाबांना म्हणजे हिरालालजींना मी उजव्या बाजूनं काढलेला फोटो पाठवला (मुद्दाम नाही, उजेड तिकडून होता). सगळं जुळत होतं. तेवढ्यात तुम्ही गावच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत, जिलेबीच्या दुकानाबाजूला टेबल टाकून पुस्तकं विकली. पोलीस पाटलाच्या हातचं कोण नाही म्हणेल? हिरालालजींनीही घेतलं आणि वाचलं. दुसऱ्या कोणाची गोष्ट लोक गोष्ट म्हणून वाचतात. तुम्ही गावात कोण मेलं, कोणाचं भांडण झालं, याची नोंद ठेवणारा माणूस. तुम्ही लिहिलं म्हणजे पंचनामा. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला, जेवणखाण विचारलं, मग म्हणाले, "दुर्गेशजी, जरा मान उजवीकडं फिरवा." फिरवली. बाजारात बैलाचे दात पाहतात तसा त्यांनी कान पाहिला. म्हणाले, "आमच्या घरी बी म्हातारीचे दोन कोंबडे आहेत," आणि फोन ठेवला. रीनाचा निरोप आला की बाबा होळीपर्यंत थांबतो म्हणून राहिले, नंतर तिरोड्याचा पोरगा पाहतील.

काऊन केलं मामा असं? उंबऱ्यात भेटलो की पाया पडता आणि पुस्तकात मान पिरगळता. तुमचा हेमराज दहावीला चारदा बसला, त्याच्यावर अकरा गोष्टींत अर्धी ओळ नाही. मी कोंबडा नेला की नाही नेला, हा प्रश्न वेगळा आहे. प्रश्न असा आहे की घरचा कान गावाला दाखवायचा का?

मामीला सांगा, माझ्या वाटचे बोरं वाळवून ठेवा. राग पुस्तकावर आहे, मामीवर नाही.

तुमचा पूजेचा आणि बदनाम भाचा,
दुर्गेश

ता. क. हिरालालजींनी एक वाट ठेवली आहे. ज्या हातानं पुस्तक लिहिलं त्याच हातानं चांगल्या वागणुकीचा दाखला द्यायचा, सहीशिक्क्याचा. होळीच्या आत पाठवा. 'सालस' शब्द टाका, तो संघदीपनं सुचवला.

ता. क. दुसरा. बरं, नेला कोंबडा. पण त्याच्या पायाला काती, ती छोटी सुरी, कोणी बांधली? असा बाजार भरला तर ठाण्यात कळवायचं काम ज्याचं, त्यानंच बसून बांधली, आणि गाठ सैल आहे म्हणून मलेच रागावला. 'नवस' संघदीपकडून पुन्हा पूर्ण वाचून घेतली, तो माणूस कुठंच नाही. संघदीपचं अक्षर चांगलं आहे आणि आमच्याकडं कागद उरला आहे, एवढंच सांगतो.

ता. क. तिसरा. पत्र पाकिटात टाकणार तर धुरपतामावशीचा फोन आला. तुमच्या पोरीनं, प्रियानं, तिला गोष्ट वाचून दाखवली. मी शिव्या खायच्या तयारीनं बसलो. ती म्हणाली, "पोट्ट्या, माहा कोंबडा खरंच पयाला का रे?" मी म्हटलं, नाही मावशी, तीन झडपा खेळला, पडेपर्यंत तोंड समोरच होतं. मग म्हणते, "मंग त्या दुधरामनं कायले पयवला त्याले?" मी गुडघ्याचं विचारलं. म्हणाली, गुडघा तेव्हाही दुखतच होता, तुझं उतरलेलं तोंड पाहून म्हटलं होतं बरा झाला.

मामा, कोंबडा पळाला नव्हता. आधी ते दुरुस्त करा. दाखला मागून पाठवला तरी चालेल.