माणसाचं ऐकायचा परवाना

आप्पा, लांबूनच पाया पडते.

फोनवर बोलताना आई तुमच्या शेजारीच असते, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. तिच्यासमोर वाचू नका. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं.

परवा तुम्ही विचारलंत, "माणसाचं ऐकाया परवाना कशाला लागतुया?" इथं अमेरिकेत आम्हा समुपदेशकांना परवाना देणारं राज्याचं मंडळ आहे. त्याच्या कायद्याची मुदत तीस तारखेला संपते. विधानसभेनं ती वाढवली नाही, तर मंडळच बंद. दर वेळी शेवटच्या आठवड्यात वाढवतात म्हणे. यंदा विधेयक अजून तसंच पडून आहे, आणि मी उगाच उठून भिंतीवरचा माझा परवाना बघून येते.

नोकरीची भीती आहेच. पण मंडळ गेलं की कुणीही पाटी लावून बसेल, आणि तक्रार करायला दार उरणार नाही.

उरवड्याच्या रस्त्यावरचा तो पाटीवाला आठवतो ना? आईला म्हणाला, "डोक्याच्या गोळ्या बंद करा, मी नुसतं बोलून बरं करतो." आपण सगळ्यांनीच विश्वास ठेवला. तीन आठवड्यांनी तुम्ही आईला विहिरीच्या काठावरून ओढून आणलंत. त्याला कुणी जाब विचारला नाही.

काल आई म्हणाली, "लई हलकं वाटतंय गं, आता गोळी कशाला?" तेव्हाही ती हेच म्हणाली होती.

आप्पा, तिचं गोळ्यांचं पाकीट आत्ताच बघा आणि मला फक्त आकडा कळवा. आज अठरा उरायला हव्यात.

तुमचीच,
गौतमी