राजीनाम्यानंतरचा युनिफॉर्म

आप्पा, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली आणि मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही. आधीच सांगून टाकतो, उगाच गैरसमज नको. आज कामाचा दिवस आहे आणि मी आपल्या ओट्यावर अर्ध्या चड्डीत लॅपटॉप घेऊन बसलोय. आत पंखा आहे, टेबल आहे, तरी मी इथंच बसतो, कारण समोरच्या पारावर बसणाऱ्या तुमच्या दोस्तांना मी दिसतो. जे कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून तुम्ही जिवाचं रान केलंत, ते मी मुद्दाम उघड्यावर करतो.

आपली जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली, तिच्या बदल्यात तुम्हाला नोकरी मिळाली आणि पुढे तुमच्या शब्दावर मलाही. मी पर्मनंट झालो तेव्हा तुम्ही गावभर पेढे वाटलेत. लाइनवर दिवसभर तेच ते नट आवळून माझं डोकं बधिर व्हायचं, हे तुम्हाला सांगण्यात अर्थ नव्हता. मोबाइलवर बघून बघून मी वेबसाइट बनवायला शिकलो आणि एक दिवस राजीनामा देऊन आलो. तुम्ही स्वयंपाकघरात जेवत होतात. ताट बाजूला सारलंत. "पर्मनंट सोडली? आन लोकास्नी काय सांगू? पोरगं घरात बसून टकटक करतंय म्हनू?" मला वाटलं, आता हाकलून देणार. तुम्ही त्याहून वाईट केलंत. "ह्या घरात ऱ्हायाचं आसंल तर कंपनीचा ड्रेस घालून पहिल्या शिफ्टच्या टायमाला भाईर पडायचं. शिफ्ट सुटल्याबिगर तोंड दावायचं न्हाई." आईनं तो करडा शर्ट इस्त्री करून पुढं ठेवला. म्हणाली, "घाल बाबा. न्हाईतर मलाच ऐकून घ्यावं लागतंय." तिच्यासाठी घातला, हे लक्षात ठेवा.

मग रोज सकाळी मी पारासमोरून जायचो, हायवेला उभा राहायचो. कंपनीची बस यायची, मी पाठ फिरवायचो, बस जायची. मग सिटी बसनं चिंचवडच्या अभ्यासिकेत. आजूबाजूला स्पर्धा परीक्षेची मुलं आणि मध्ये मी, छातीवर सोडलेल्या कंपनीचा बिल्ला लावून जुन्या लॅपटॉपवर कोड लिहिणारा. "भाऊ, आज सुट्टी काय?" मुलं विचारायची. मी हसून वेळ मारून न्यायचो आणि मनात तुमचा उद्धार करायचो. एकदा अंगात ताप होता म्हणून दुपारीच घरी आलो. तुम्ही दारातच आडवे आलात. "आत्ता कुठली शिफ्ट सुटली? जा मागं." माझ्या कपाळाला हात लावून तरी बघायचं होतं. मी गोठ्यामागं कडब्यावर पडून राहिलो, शिफ्ट सुटायची वाट बघत, आणि ठरवलं की या माणसाला चारचौघांत उघडं पाडायचं.

माझी पहिली वेबसाइट शेजारच्या गावातल्या मंगल कार्यालयाची. ती तुम्हाला मोबाइलवर दाखवली. तुम्ही बोटानं खाली-वर केलंत आणि विचारलंत, "ह्यात तू कुठं हाईस?" मी म्हणालो, हे सगळं मीच केलंय. तुम्ही फोन परत दिलात आणि चहा मागितलात. वाकडच्या एका छोट्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हा वाटलं, सुटलो. तर तुम्ही म्हणालात, "जाताना ड्रेसच घाल. तितं जाऊन बदल." ऑफिसच्या संडासात मी शर्ट बदलायचो, आप्पा. डेव्हलपर म्हणून पगार घेणारा माणूस.

आणि मी उघडं पाडायच्या आधीच तुम्ही झटक्यात गेलात.

दहाव्याला आळंदीच्या घाटावर सगळं गाव होतं. पिंड ठेवला, कावळा शिवेना. चुलते म्हणाले, "बापाच्या मनात काय ऱ्हायलं आसंल ते बोल. म्हन, कंपनी सोडनार न्हाई." माझं डोकं सणकलं. मी मोठ्यानं सांगितलं की कंपनी मी कधीच सोडली, मी वेबसाइट बनवतो, तो ड्रेस म्हणजे आप्पांनी तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांत केलेली धूळफेक होती. आता हशा होईल म्हणून मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

पारावरचे तुमचे दोस्त, ते म्हातारे, शांतपणे म्हणाले, "आरं, ठाव हाय की. बस निघून जायाची आन तू मागं उभा, आमाला काय डोळं न्हाईत? आमीच रोज इचारायचो तुझ्या बापाला, पोरगं गेलं का कामाला. त्यो म्हनायचा, गेलं. तेवढंच बरं वाटायचं त्याला." बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळ्या गावानं तुम्हाला सांभाळून घेतलं होतं. कावळा कधी शिवला ते मला आठवत नाही.

मग मला रडू फुटलं, लहान मुलासारखं, आवरेचना. आईनं पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "लई जीव व्हता तुझा त्यांच्यावर." मी मान हलवली. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहितो: मी तुमच्यासाठी रडत नव्हतो. तुमच्यावर हसणारा एकही माणूस निघाला नाही, म्हणून रडत होतो.