आडव्या वाटेवरची भिंत

ऑर्थासा,
डायोनिससच्या उत्सवाला चाळीस दिवस बाकी

ती. त्रिफेनाताईस,
हर्मोलासचा शि. सा. न. वि. वि.

अंजिरं पोचली. निम्मी खेचरवाल्याने खाल्ली आणि वर म्हणाला की वाटेत सुकली. सुकलेली अंजिरं आणखी किती सुकणार?

नाटकघर डोंगराच्या कुशीत झकास बसलंय. प्रेक्षकांना बसायची शेवटची, अठ्ठेचाळिसावी पायरी काल बसवली. मी खालच्या गोल अंगणात हळूच शिंकलो, तर माथ्यावरचा पाथरवट म्हणाला की झ्यूस तुला राखो!

पण या नाटकघराला पैसा देणारे आमचे दाते, आर्टेमोन शेठ, नवीनच खूळ घेऊन बसलेत. पायऱ्यांच्या अर्ध्यावर जी आडवी वाट आहे, तिच्यावर पुरुषभर उंचीची संगमरवरी भिंत हवी म्हणतात. का, तर वरच्या लोकांची चण्याची टरफलं मानकऱ्यांच्या मानेवर पडतात! ताई, ही तीच भिंत गं. बंदरगावच्या नाटकघरात मी मान डोलावली आणि बांधून बसलो. आवाज भिंतीला आपटून परत फिरतो, आणि वरचे लोक आजही माशांचं नाटक बघितल्यासारखे बसतात. शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू जाईल, असा शब्द त्या गावाला बाबांनी दिला होता. चार वर्षं झाली, ते माझ्याशी बोललेले नाहीत.

भिंत बांधली तर बाबा कायमचे गेले. नाही म्हटलं तर शेठ दुसरा माणूस आणतील. काय करू? बाबा माझं नाव तरी काढतात का?

तुझा लोभ मला पुरून उरतो, तरी आणखी थोडा पाठव.
तुझा, हर्मोलास


मिरा,
उत्सवाला एकतीस दिवस बाकी

चि. हर्मोलास यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मोठ्याने वाचलं. बाबा झोपेचं सोंग घेऊन पडले होते, पण शिंकेपाशी त्यांचं घोरणं थांबलं. मग अंगणात जाऊन खेचराला सांगत बसले की तळाच्या पायरीपासून माथ्यापर्यंत दोरी ताणली तर ती प्रत्येक पायरीच्या काठाला लागली पाहिजे, मध्ये काही आलं की आवाज मेला, आणि एवढं तर गाढवालाही कळतं. खेचर गप्प राहिलं, म्हणून मी कळवतेय.

तुला नाही म्हणता येत नाही, हे मला तुझ्या जन्मापासून ठाऊक आहे. तेव्हा म्हणूच नकोस. आधी फळ्यांची भिंत उभी कर, नमुना म्हणून. आणि शेठना सांग की लोकांना जमवून स्वतःचं मानपत्र स्वतःच वाचून बघा. दात्याचं नाव आलं की लोकांनी जयजयकार करायचा असतो ना? बाकीचं काम शेठची हौस करील.

लोभ आहेच, पण बावळटपणा कमी कर.
तुझी, त्रिफेना


ऑर्थासा,
उत्सवाला बारा दिवस बाकी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझे पाय कुठे आहेत? धरतो!

शेठ नवा झगा घालून अंगणात उभे राहिले. पहिल्यांदा नाव आलं तसे खालचे मानकरी ओरडले. वरून काही नाही. लोक आपले चणे खातायत. दुसऱ्यांदा नाव आलं तेव्हा वरून कोणीतरी विचारलं की अजून सुरू का होत नाही. शेवटी वरच्या बायकांच्या रांगेतून शेठच्या सासूबाईंनी निरोप धाडला की जावई मघापासून आ वासून उभे आहेत, दाढ दुखते का?

पहिली फळी शेठनी स्वतः उपटली.

फळ्या गेल्यावर ते कारभाऱ्याच्या कानात पुटपुटले की या म्हातारीला मात्र दोन भिंतींआड बसवा. ते थेट माथ्यावर गेलं. म्हातारीचं उत्तरही तितक्याच स्पष्टपणे खाली आलं. ते मी पत्रात लिहू शकत नाही. तेव्हापासून शेठ घरी न जाता आमच्या पाथरवटांच्या खोपटात झोपतात.

बाबांना सांग. खेचराला सांगितलंस तरी चालेल.

तुझ्या लोभाचा धनी,
हर्मोलास


मिरा,
उत्सवाला चार दिवस बाकी

चि. हर्मोलास यास आशीर्वाद.

घाईत लिहितेय. बाबा परवा पहाटेपासून बेपत्ता. खेचरही नाही. शेजारणीला सांगून गेलेत की डोंगरात एक गाढव बघायला जातोय. मला तर शंका आहे की ते गाढव माझ्या ओळखीचं असावं.

लोभ दोघांवरही आहे, म्हणून ताबडतोब कळव.
त्रिफेना


ऑर्थासा,
उत्सवाचा दुसरा दिवस

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

बाबा आले. मला भेटले नाहीत. सरळ वर चढले आणि पुरुषांच्या शेवटच्या रांगेत, बायकांच्या पायाशी जाऊन बसले. मी खाली अंगणात देवाला मद्य वाहायला उभा होतो. नाटकघर शिगोशीग भरलेलं.

चार वर्षं मी एक लांबलचक भाषण घोकून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवेना. वर त्यांच्याकडे बघत, पुटपुटण्याहूनही हळू एवढंच निघालं की बाबा, चुकलं माझं.

मी कुठे उभा आहे हेच विसरलो होतो, ताई. चार हजार माना एकदम वर वळल्या. बाबांना लोकांनी बघितलेलं आवडत नाही. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग, घरात बोलावं तशा आवाजात, म्हणाले की किती वाळलायस रे, जेवलास का?

माझ्या वतीने शेठच्या सासूबाईंनीच वरून सांगून टाकलं की नाही हो, सकाळपासून उपाशी आहे. मी तोंड फिरवून, आवाज होऊ न देता रडलो. तेसुद्धा शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू गेलं.

तुझ्या लोभाने तरलेला,
हर्मोलास