आप्पांचा आवाज

बमरोली, रविवार, डिसेंबर १९९५

नंदुरबारच्या स्थळाचा नकार आला. मामा निरोप घेऊन आले: मुलगी पसंत आहे, पण तिचा बाप फार तापट दिसतो. आप्पा आणि तापट! त्यांनी मला आजवर कधी एक चापटही मारलेली नाही.

पाहुणे मला बघायला आले त्या दिवशी ते एवढंच म्हणाले होते, "चहा ल्या ना, थंड हुई जाई." पण म्हणाले ते कारखान्यात लूमवर, कापडाच्या मागावर, ओरडतात तसं. मुलाची आई दचकली आणि अर्धा चहा बशीत सांडला. बारा तास त्या खडखडाटात उभा राहणारा माणूस हळू बोलणार कसा? इथे सगळेच असे बोलतात, हे पाहुण्यांना आधी सांगायला नको होतं का? मीच का नाही सांगितलं? ती बशी डोळ्यांसमोरून हलत नाही.

संध्याकाळी आप्पा कारखान्यातून आले. मी हळूच सांगितलं, "नकार आला."

"काय?"

पुन्हा सांगितलं.

"काय?"

मग मीच किंचाळले, "तुमच्या ओरडण्यामुळे नकार आला!"

गल्लीभर ऐकू गेलं असेल.

रात्री आप्पा जेवायला बसले. भाकरी हवी होती, तर लूमवर ओरडूनही ऐकू जात नाही तेव्हा करतात तशा खुणेनंच मागितली.