कोरीनची थोरली

प्रिय मेविस,

माझ्या कॉलेजच्या भगिनीमंडळाचं तुला निमंत्रण आल्याचं आईने फोनवर सांगितलं, अक्षरशः किंचाळतच. ते पत्र तू फ्रिजवर लावलंयस आणि बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवतायत म्हणे. शुक्रवारपर्यंत होय-नाही कळवायचंय ना? मग त्याआधी हे वाच. एकटीने.

मी त्या भगिनीमंडळात का गेले, ठाऊक आहे? कॉलेजच्या पहिल्या सत्रात मी रोज एकटी जेवायची. मग एके दिवशी मंडळाच्या मुली राहतात त्या पांढऱ्या खांबांच्या घरापाशी गेले आणि साठ मुलींनी माझं नाव गुंफून गाणं म्हटलं. खोटं कशाला बोलू, तेवढं सुख मला पुन्हा लाभलं नाही.

दुसऱ्या वर्षी मला एका नव्या मुलीची ‘थोरली’, म्हणजे मंडळातली मोठी बहीण, नेमलं. तिचं नाव कोरीन. मिसिसिपीकाठच्या कापसाच्या गावातली, हसताना तोंडावर हात धरणारी. माझ्या कपड्यांना इस्त्री करायची. नव्या मुलींनी करायचंच असतं. मीही कधी नको म्हटलं नाही.

एप्रिलमधल्या एका शनिवारी, भर दुपारी, आम्ही नव्या मुलींना तळ्यावर नेलं. डोळ्यांना पट्टी बांधायची आणि थोरलीच्या हाकेच्या रोखाने तराफ्यापर्यंत पोहत यायचं. “मला नीट पोहता येत नाही गं,” कोरीन माझ्या कानात पुटपुटली. मी म्हटलं, “सगळ्या असंच म्हणतात. नाटकं पुरे, चल.” पट्टी मीच बांधली. तराफ्यावरून मी हाका मारत होते, बाकीच्या खिदळत होत्या, आणि ती पाण्यावर हात आपटत होती तो आम्हाला खेळच वाटला. आमचं हसू थांबलं, तेव्हा पाणी शांत झालं होतं.

मंडळाच्या सल्लागार मिसेस हॅडली पोलिसांच्या आधी पोहोचल्या. सगळ्या पट्ट्या गोळा करून त्यांनी पर्समध्ये कोंबल्या. “ती आपणहून उतरली. तुम्ही कुणी पाहिलं नाही. बहिणीच बहिणींना सांभाळतात, पोरींनो.” आम्ही अकरा जणींनी तसंच लिहून दिलं. अंत्यविधीला चर्चमध्ये तिच्या आईने मला कवटाळलं. “तूच ना तिची थोरली? फार कौतुक होतं तिला तुझं.”

याला सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात आमच्यातली एक जण खरं बोलली, आणि मला शेरीफच्या कचेरीतून जबाबासाठी बोलावणं आलं. त्यानंतर चारच दिवसांत तुझं निमंत्रण. तू तर अर्जही मुदतीनंतर दिला होतास! काल मिसेस हॅडलींचा फोन आला. आवाज मधासारखा. “मेविस आमच्यात येतेय. तिला अगदी डोळ्यांत तेल घालून जपू. तू फक्त जुनं उकरू नकोस.” ते निमंत्रण कशासाठी आहे, हे मला तेव्हा कळलं. सोमवारी मी सगळं सांगणार आहे, पट्टी कुणी बांधली तेही. मला शिक्षा होईल, आई-बाबांना गावात तोंड दाखवणं जड जाईल. तू काय कळवायचं ते तुझं तू ठरव. पण होय म्हणालीस तरी मी सोमवारी बोलणारच, मेविस, आणि तेव्हा तू त्यांच्या घरात असशील.

तुझीच,
रोझलिन