सीताफळाच्या बियांचं मतदान

माय, टेकडी राहिली. आधी हेच सांगते, नाहीतर तू म्हणशील, "किती पाल्हाळ लावतीस, कामाचं बोल." आपल्या गावामागची, सीताफळाच्या झाडीची ती टेकडी, जिच्या पोटातला झरा खालच्या तलावात येतो आणि तलावामुळे आपल्या विहिरीला उन्हाळ्यातही घागरभर पाणी राहतं, ती फोडून खडी करायचं घाटत होतं. ते मोडलं. आम्ही मोडलं. आम्ही म्हणजे कोण, तर वर्षातले सहा महिने गावात नसणारी माणसं.

तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला आता डोळे मिटावे लागतात. पण एक दिवस लख्ख आहे. आपण साखर कारखान्याच्या हद्दीत, उसाच्या फडाशेजारी कोपी घालून राहिलोय. गावाकडं मतदान आहे आणि आपल्याला ऊसतोडीला आणणाऱ्या मुकादमानं टेम्पो पाठवलाय. तू चुलीपुढं बसलीयेस, हातावर भाकरी आहे. मुकादम दारात उभा राहून सांगतो, कोणत्या चित्रावर शिक्का मारायचा. तू मान वर न करता म्हणतेस, "कुणाला द्यायचं ते बी तूच सांगनार, मग मला कावून नेतोस? अंगठा तोडून ने की माझा, तेवढंच टेम्पूत वझं कमी." बाहेरची माणसं खो-खो हसली. मुकादम हसला नाही. टेम्पो तुला न घेताच गेला. मी तेव्हा वयात आलेली, तोंडाळ. म्हणाले, "जाऊ दे माय, आपल्या एका मतानं काय व्हतंय!" तू फुंकणी उचललीस आणि माझ्या पोटरीवर अशी ठेवून दिलीस की आजही हात तिथं जातो. "एका चिपाडानं चूल पेटत न्हाई हे मला बी कळतं. पर परत्येकानं आपलं चिपाड लपवलं तर भाकर कशावर भाजशील, गं?" मग तीच भाकरी मला दिलीस. लसणाच्या चटणीवर तेलही घातलंस, जे आपल्याकडं सणालाच असायचं.

मी पुढं अक्षरं शिकले. शाळेत नाही, ते तुला ठाऊकच आहे. ट्रकच्या पाट्या, सिमेंटच्या गोण्या, चुरमुऱ्याच्या पुड्या, जे हाती येईल ते लावून वाचत गेले. आता पेपर वाचते. तुझ्या वेळी मृगाचा थोडा तरी भरवसा होता. आता पाऊस महिना-महिना तोंड दाखवत नाही आणि आला की बांधासकट माती धुऊन नेतो. उन्हाळ्यात पत्र्याखाली माणूस पापडासारखं भाजतं. पेपरात त्याला हवामान बदल म्हणतात. मला त्यातलं एवढंच कळतं, की ज्यांच्या दारात मोटार नाही की घरात गारव्याचं यंत्र नाही, त्यांच्याच डोक्यावर हे ऊन सगळ्यात आधी उतरतं. करतं एक आणि भरतं दुसरंच. म्हणून झाडीची टेकडी म्हणजे आमच्यासाठी नुसती शोभा नाही. ती आमचं छप्पर आहे, आमचा रांजण आहे.

खडीच्या यंत्राला ग्रामसभेचा ठराव लागतो. आणि आपल्या गावची रीत तुला ठाऊक आहे: जड विषय जानेवारीच्या सभेत घ्यायचे. तेव्हा अर्धं गाव उसात असतं. मागं राहतात म्हातारे, लहान लेकरं आणि बंगलेवाले. गायरानाचा तुकडा असाच गेला, वरच्या पाणंदीचा रस्ता असाच गेला. कोणी लबाडी केली म्हणायलाही जागा नाही. सभा झाली, हात वर झाले, संपलं.

या खेपेला उसाचा हंगाम संपून, पट्टा पडून आम्ही गावी आलो तर कानावर आलं, पुढच्या जानेवारीत टेकडीचा विषय. मी दहा-बारा बायका घेऊन सरपंचाकडं गेले. सरपंच पोरगेलासा आहे, वाईट नाही, पण मुकादमाच्या शब्दाबाहेर नाही. मुकादम म्हणजे तुझ्या त्या मुकादमाचा लेक. खडीच्या धंद्यात त्याचीच भागी. सरपंच म्हणाला, "काकी, तारीख आली काय न गेली काय, तुमी असता कुठं गावात?" मी म्हणाले, "म्हणूनच आलाव. लगीन लावायचं आन नवरीलाच बोलवायचं न्हाई, आसली कसली रीत तुमची?" तो हसला आणि विसरला. मग आम्ही पंचायतीपुढं चुली मांडल्या. रोज तिथंच भाकरी, तिथंच कालवण. वास आत जायचा. ग्रामसेवकच कंटाळून सरपंचाला म्हणाला, "साहेब, घ्या बाबा ऑगस्टात, माझ्यानं भुकेल्या पोटी काम होईना." तारीख मिळाली.

पण खरी अडचण पुढंच होती. मुकादम खुर्ची टाकून समोर बसणार आणि हात कोणाचा वर गेला ते बघणार. दसऱ्यानंतर ऊसतोडीला त्याच्याच गाडीत बसायचंय, तर कोणाची छाती होईल? म्हणून मत झाकून द्यायचं ठरवलं. चिठ्ठी म्हणावं तर निम्म्या बायांना अक्षर येत नाही. मी म्हणाले, दाणे टाकू. आदल्या दिवशी बायकांची ग्रामसभा होती, तिथं तालीम घेतली: टेकडीला हरभरा, खडीला शेंगदाणा. माय, गाडगं उलटं केलं तर तळाशी चारच दाणे! शेजारची म्हातारी तोंड हलवत म्हणती, "मला काय ठावं मत हाय म्हनून? मला वाटलं, सरकारी खाऊ हाय." हसून हसून पुरेवाट झाली. मग तिनंच अक्कल सांगितली, "सीताफळाची बी घ्या. तिला कोन तोंड लावतंय? उवा मरत्यात तिनं." घरोघरी औषधाला ठेवलेल्या गेल्या सालच्या बिया निघाल्या. खडीला चिंचोके. युसूफ वडगाव या गावच्या बाजारातून नवं गाडगं आणलं आणि शाळेच्या ओसरीवर लुगडं बांधून आडोसा केला. दोन्हीच्या टोपल्या आडोशामागंच, एका माणसानं एकच बी टाकायची.

सभेच्या दिवशी मुकादम उठून गोड बोलला. "खडी निघाली तर गावातच काम भेटंल. तुमचा कोयता सुटावा म्हणून तर करतोय मी." हे ऐकून कित्येकांच्या माना हलल्या, माझी पण हलली असती. उसातला कोयता कोणाला हवाय? मी उभी राहिले. म्हणाले, "दादा, डोंगर किती दिस पुरंल? सरला की खडी बी न्हाई, झरा बी न्हाई. मग पानी न्हाई म्हणून लेकरासकट पुन्यांदा उसातच ना? काम पायजे तर टेकडीवर झाडं लावायचं काम काढा, तलावातला गाळ काढा. आमी इथंच राहू." मागून कोणीतरी ओरडला, "बराबर हाय काकीचं!" मुकादम म्हणाला, "करा मग हात वर, बघू कोन हाय." मी म्हणाले, "हात न्हाई. बी." ग्रामसेवकानं वर फोन लावला. सभेला मान्य असेल तर घ्या, असं उत्तर आलं. सभेला मान्य होतं.

एकेक जण आडोशामागं गेला. मुकादमाची बायको गेली, बाहेर आली आणि नवऱ्याशेजारच्या खुर्चीवर न जाता आमच्यात येऊन टेकली. "लई ऊन हाय तिकडं," एवढंच बोलली. गाडगं चादरीवर ओतलं, तेव्हा मोजायची गरजच पडली नाही. काळी रास, चकचकीत, ढिगानं. चिंचोके त्यात कुठं कुठं. हलगी कोणी आणली कोण जाणे, पण वाजायला लागली. नाचताना शेजारच्या म्हातारीचा पदर सुटला, तरी ती थांबेना. त्याच सभेत दुसरा ठराव झाला: ऊसतोडीचं गाव बाहेर असताना जमिनीचा, पाण्याचा, झाडाचा कोणताही विषय घ्यायचा नाही. सरपंचानं मोठ्यानं वाचून दाखवला. मी दोनदा वाचायला लावला.

लेक आणि सून दसऱ्यानंतर गाडीत बसतीलच, ते काही एका सभेनं सुटत नाही. पण त्यांच्या मागं त्यांचं गाव कोणी विकणार नाही. आज तलावाच्या बांधावर उभी राहिले तर टेकडी अशी हिरवी दिसते की वाटतं, कोणाला तरी हाक मारावी.

हे लिहिलेलं कुठं धाडणार? इथंच राहील. एक मात्र कोणाला सांगितलेलं नाही. आडोशामागं मला लई वेळ लागला. बाहेर माणसं म्हणत होती, काकी गोंधळली. मी गोंधळले नव्हते, माय. माझ्या मुठीत सीताफळाच्या दोन बिया होत्या, एक माझी आणि एक तुझी. दुसरी टाकावी म्हणून हात दोनदा गाडग्याच्या तोंडाशी नेला. टाकली नाही. पण हात तिथवर न्यायलाही नको होता.